उभ्या गाडीचं दुखणं : प्रस्तावना

डिझेलवर चालणारं मोटरहोम आत शिरल्यावर घर असतं. पण खाली वाकून चाकांमधून नजर टाकली की तो ट्रक आहे हे कळतं. अमेरिकेत ज्यांना डिझेल पुशर म्हणतात, त्या पस्तीस-चाळीस फुटी गाड्यांत इंजिन मागे, पलंगाच्या खाली बसवलेलं असतं. ते बहुतेक वेळा कमिन्सचं ६.७ किंवा ९ लिटरचं, म्हणजे माल वाहणाऱ्या ट्रकांत आणि शहराच्या बसमध्ये असतं तेच. गिअरबॉक्स ॲलिसनचा. चासी साउथ कॅरोलायनातल्या गॅफ्नीहून फ्रेटलायनरची येते, नाहीतर मिशिगनहून स्पार्टनची. तिच्यावर इंडियाना, आयोवा, अलाबामा इथले कारखाने स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि सोफे चढवतात. इंजिन ट्रकचं, म्हणून त्याचा धूर साफ करणारी यंत्रणाही ट्रकचीच. या पुस्तकातल्या बहुतेक तक्रारींचं मूळ इथे आहे. मालाचा ट्रक रोज दहा-अकरा तास ओझं घेऊन धावतो. मोटरहोम वर्षातले कित्येक महिने आच्छादन घालून उभं असतं, मग एक दिवस निघतं, दोनशे मैल जातं आणि पुन्हा आठवडाभर उभं राहतं. जी यंत्रणा सतत तापलेली राहील असं धरून आखली, ती अशा गाडीत पुन्हा पुन्हा थंड पडते.

हे पुस्तक अमेरिकेत राहणाऱ्या, निवृत्तीच्या सुमारास अशी गाडी घेतलेल्या किंवा घेऊ पाहणाऱ्या मराठी माणसांसाठी लिहिलं आहे. लेखकाने प्रस्तावना मला मागितली, कारण माझी नोकरीची वर्षं डिझेल इंजिनांत गेली. पुण्यात १९६२ साली किर्लोस्कर कमिन्स सुरू झाली आणि तेव्हापासून कोथरूड ते इंडियानातलं कोलंबस अशी इंजिनिअरांची ये-जा चालू आहे. त्या वाटेवरच्या पुष्कळांपैकी मी एक. त्यामुळे ‘हल्लीची इंजिनं पूर्वीसारखी राहिली नाहीत’ हे वाक्य मी दोन्ही देशांत, दोन्ही भाषांत ऐकत आलो आहे. ते खरंही आहे. फक्त ते म्हणणाऱ्याला वाटतं तशा अर्थाने नाही.

डिझेल इंजिनाची मुळातली अडचण अशी, की त्याच्या धुरातले दोन दोष एकमेकांच्या विरुद्ध जातात. सिलिंडरमध्ये ज्वलन खूप तापलं की हवेतला नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येऊन नायट्रोजनची ऑक्साइडं तयार होतात. या धंद्यात त्यांना नुसतं नॉक्स म्हणतात. ती कमी करायला ज्वलन थंड ठेवलं, तर इंधन नीट जळत नाही आणि काजळी वाढते. एक दाबावं तर दुसरं वर येतं. इंजिनाच्या आतल्या आत दोन्ही एकदम मारणं फार अवघड, म्हणून मग इंजिनाच्या बाहेर, धुराच्या वाटेवर कारखाना उभा करावा लागला.

अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने, म्हणजे ईपीएने, जानेवारी २००१ मध्ये जड वाहनांसाठी जो नियम पक्का केला त्यात काजळीची मर्यादा दर अश्वशक्ती-तासाला ०.१ ग्रॅमवरून ०.०१ वर आणली आणि नॉक्सची ०.२० वर. काजळीचा भाग २००७ पासून, नॉक्सचा २०१० पर्यंत टप्प्याटप्प्याने. त्याआधी डिझेलमधलं गंधक काढावं लागलं, कारण गंधक असलं की कॅटलिस्ट निकामी होतो. म्हणून २००६ मध्ये रस्त्यावरच्या डिझेलमधलं गंधक दहा लाखांत ५०० भागांवरून १५ भागांवर आलं. जुनी मोटरहोम बघायला जाणाऱ्याने २००७ आणि २०१० ही दोन वर्षं पाठ ठेवावीत. २००७च्या आधीच्या इंजिनाला ना काजळीचा फिल्टर, ना डीईएफ, म्हणजे धुरात फवारायचं युरियाचं पाणी, ज्यातून नॉक्स मारणारा अमोनिया निघतो. २००७ ते २००९च्या इंजिनाला काजळीचा फिल्टर आहे, डीईएफ नाही. २०१० पासून दोन्ही. वर्ष मात्र इंजिनाचं बघायचं, गाडीचं नव्हे. कारखान्यात पडून राहिलेलं आदल्या वर्षाचं इंजिन नव्या वर्षाच्या गाडीत सर्रास बसतं.

एका कंपनीने दुसरी वाट धरून पाहिली. नॅव्हिस्टारने डीईएफ टाळून, धुराचाच काही भाग परत सिलिंडरमध्ये फिरवून, नॉक्सची मर्यादा गाठायचं ठरवलं. जमलं नाही. २०१२ मध्ये त्यांनी तो हट्ट सोडला आणि बाकीच्यांच्या रांगेत आले. ‘डीईएफ ही कंपन्यांनी पैसे काढण्यासाठी शोधलेली युक्ती आहे’ असं सांगणारे कॅम्पग्राउंडवर हमखास भेटतात. त्यांना हा इतिहास सांगावा. मुळात ती युक्ती ट्रकवाल्यांची नव्हेच. अमोनियाने नॉक्स मारण्याची ही पद्धत १९७०च्या दशकात जपानमधल्या औष्णिक वीज केंद्रांनी कामाला लावली होती. ट्रकवर ती आली २००४च्या सुमारास, पहिल्यांदा जपानमध्ये आणि लगेच युरोपात.

आता धूर जातो त्या वाटेने जाऊ. टर्बोतून निघाल्यावर पहिलं ठाणं ऑक्सिडेशन कॅटलिस्टचं. तिथे न जळलेलं इंधन आणि कार्बन मोनॉक्साइड जळतं, आणि नॉक्समधल्या काही नायट्रिक ऑक्साइडचं नायट्रोजन डायऑक्साइड होतं, जे पुढे काजळी जाळायला उपयोगी पडतं. दुसरं ठाणं डीपीएफ, म्हणजे काजळीचा फिल्टर. सिरॅमिकच्या मधाच्या पोळ्यासारख्या ठोकळ्यात बारीक समांतर नळ्या, एक या टोकाला बंद, शेजारची त्या टोकाला बंद. धुराला भिंतीतूनच झिरपावं लागतं आणि काजळी मागे अडकते. २०१०च्या पुढच्या चांगल्या अवस्थेतल्या पुशरच्या नळकांड्यात पांढरा रुमाल फिरवला तर तो जवळजवळ पांढराच बाहेर येतो. जुन्या पुशरच्या मागच्या रंगावर काजळीचा जो पट्टा असायचा, तो आता दिसला तर फिल्टर फुटला आहे असं समजायचं.

अडकलेली काजळी जाळावी लागते. गाडी घाट चढत असेल, मागे छोटी मोटार ओढत असेल, तर धुराचं तापमान साडेतीनशे अंशांच्या आसपास जातं आणि काजळी आपोआप, गाजावाजा न करता जळत राहते. चालकाला कळतही नाही. तसं होत नसेल तर इंजिन स्वतःहून थोडं जास्तीचं डिझेल धुराच्या वाटेवर सोडतं, ते पहिल्या कॅटलिस्टमध्ये जळतं आणि फिल्टरचं तापमान साडेपाचशे-सहाशे अंशांपर्यंत चढतं. याला रीजनरेशन म्हणतात, बोलताना नुसतं रीजन. डॅशबोर्डवर नळीतून वाफा निघाल्यासारखं चित्र उमटतं. हे चित्र दिसत असताना वाळलेल्या गवतावर गाडी उभी करणं म्हणजे आगीला बोलावणं. नळकांड्याच्या टोकाला भोकं पाडलेलं जे पसरट तोंड असतं, ते गरम धुरात बाहेरची हवा मिसळायला; ते शोभेचं समजून त्यावर चकचकीत क्रोमची टोपी बसवणारे महाभाग मी पाहिले आहेत. उभ्या गाडीत बटण दाबून रीजन करायचं असेल तर काँक्रीट किंवा खडी असलेली मोकळी जागा शोधावी.

काजळी जळते, राख जळत नाही. ती मुख्यतः इंजिन ऑइलमधल्या मिश्रणांची असते आणि फिल्टरमध्ये साठतच जाते. फिल्टर काढून यंत्रावर साफ करून घेणं एवढाच तिला इलाज. सीके-४ वर्गाचं कमी राखेचं ऑइल वापरायचं ते याच कारणासाठी. मोटरहोमचे मैल मुळात कमी, त्यामुळे राखेची पाळी बहुतेकांवर येत नाही. लेखकाने त्यावर खर्च केलेली आठ पानं दोनात मावली असती.

तिसरं ठाणं मात्र पुस्तकाचा गाभा आहे, आणि डीईएफ तिथेच लागतं. डीईएफ म्हणजे अतिशुद्ध युरिया ३२.५ टक्के आणि बाकी क्षार काढलेलं पाणी. युरोपात याला ॲडब्लू म्हणतात. ते नाव जर्मन वाहनउद्योगाच्या संघटनेच्या मालकीचं आहे. मिश्रण तेच, मानकही तेच, आयएसओ २२२४१. आकडा साडेबत्तीसच का? या प्रमाणात हे मिश्रण सगळ्यांत कमी तापमानाला, उणे ११ अंशांना, गोठतं. आणि गोठताना पाणी वेगळं, युरिया वेगळा असं होत नाही. वितळल्यावर प्रमाण तेच राहतं. पाणी घालून पुरवून वापरायला गेलं की दोन्ही गुण जातात. टाकीत गोठलं तरी घाबरायचं कारण नाही, इंजिनाचं गरम कूलंट टाकीतून फिरतं आणि ते वितळवतं. तोवर गाडी चालू शकते. फक्त टाकी काठोकाठ भरू नये, कारण गोठताना हे द्रव साधारण ७ टक्के फुगतं.

तापलेल्या धुरात डीईएफचा फवारा पडला की पाणी उडतं, युरिया फुटून अमोनिया होतो आणि पुढच्या कॅटलिस्टवर अमोनिया नॉक्सला भिडतो. उरतो नायट्रोजन आणि पाण्याची वाफ. हे सगळं होण्यासाठी धूर साधारण दोनशे अंशांच्या वर असावा लागतो. इंजिन नुसतं घरघरत ठेवलं तर तापमान त्याच्या बरंच खाली राहतं, आणि अशा अर्धवट तापलेल्या नळीत पडलेला युरिया अमोनिया न होता घट्ट होत जातो. एका गॅरेजमध्ये अशी नळी खोललेली मी पाहिली होती. इंजेक्टरच्या तोंडापासून सुरू झालेला पांढरा, किंचित पिवळट थर खाली ओघळून दगड झाला होता. मेकॅनिकने स्क्रूड्रायव्हरने टोचलं तर टक्‌ असा आवाज आला, तुकडा निघाला नाही. पाण्यात सहज विरघळणारा युरिया तो आता राहिला नव्हता. उष्णतेने त्याचं सायन्यूरिक ॲसिडाच्या जातीचं काहीतरी झालं होतं. मालक सांगत होते, की सकाळी निघायच्या आधी तासभर इंजिन चालू ठेवतो, गाडी ‘व्यवस्थित गरम व्हावी’ म्हणून.

जुन्या डिझेलची ही सवय मोडणं सर्वांत कठीण. एसी चालवायला किंवा बॅटरी भरायला मोठं इंजिन चालू ठेवू नये. त्यासाठी गाडीत वेगळा जनरेटर असतो. तो मुख्य टाकीतलंच डिझेल पितो, त्याला डीईएफ लागत नाही, आणि त्याची नळी टाकीत जरा वर ठेवलेली असते, म्हणून टाकी पावच्या आसपास आली की तो आपोआप बंद पडतो आणि पंपापर्यंत जायला इंधन शिल्लक राहतं. मुख्य इंजिन चालू करायचं ते निघायचं असेल तेव्हाच. गाडी महिनोन्‌महिने उभी असेल तर महिन्यातून एकदा दहा मिनिटं घरघरवण्यापेक्षा, तिला हायवेवर काढून चाळीस-पन्नास मैल चांगली ओढावी. नाहीतर मुळीच चालू करू नये. अर्धवट चालू करणं दोन्हीपेक्षा वाईट.

डीईएफचा खर्च किती, हा प्रश्न पहिल्यांदा गाडी घेणारा प्रत्येक जण विचारतो. डिझेलच्या साधारण दोन-तीन टक्के. शंभर गॅलन डिझेल संपेपर्यंत अडीच गॅलनांचा एक कॅन. खर्चाची काळजी करण्यासारखं त्यात काही नाही. काळजी वयाची करायची. हे द्रव उन्हात म्हातारं होतं: २५ अंशांच्या आत ठेवलं तर दीड वर्ष टिकतं, ३५ अंशांच्या आसपास सहाच महिने. आता ॲरिझोनातल्या क्वार्ट्झसाइटचा विचार करा, जिथे हिवाळ्यात हजारो मोटरहोम वाळवंटात मुक्काम टाकतात. उन्हाळ्यात तिथला पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. तिथल्या दुकानाबाहेर उन्हात रचलेला कॅन स्वस्तात मिळाला म्हणून घेतला, तर तो किती जुना हे डब्यावरच्या तारखेच्या सांकेतिक आकड्यावरूनच कळेल. झाकण उघडल्यावर नाकाला अमोनिया झोंबला, तर ते टाकीत घालू नये.

म्हणून माझा सल्ला लेखकाच्या सल्ल्याहून जास्त आग्रही आहे: डीईएफ ट्रक स्टॉपवरच्या पंपावर घ्यावं. तिथे रोज शेकडो ट्रक भरतात, त्यामुळे माल ताजा असतो, आणि कॅनपेक्षा स्वस्तही. ट्रकांच्या रांगेत शिरायला नवखे बिचकतात. मोठ्या गाडीला खरं तर तीच रांग सोयीची. हिरव्या नळीतून डिझेल, त्याच्या शेजारच्या कपाटातून डीईएफची बारीक नळी. तिचं तोंड १९ मिलिमीटरचं, डिझेलच्या नळीहून बारीक, म्हणजे डिझेलची नळी डीईएफच्या निळ्या झाकणाच्या टाकीत जाऊ नये. उलट मात्र होऊ शकतं, आणि डिझेलच्या टाकीत गेलेला युरिया पंप, इंजेक्टर सगळं खराब करतो. तसं झालंच तर किल्ली फिरवू नये. टो ट्रक बोलवावा. भरताना सांडलेले थेंब लगेच पाण्याने धुवावेत. वाळले की पांढरे स्फटिक होतात आणि पितळ, तांबं, ॲल्युमिनियम खातात.

एक छोटी गोष्ट, जी मोटरहोममध्येच घडते. दाराशी, पायरीच्या वर, बॅटरी तोडायचा स्विच असतो. मुक्कामाला पोचलं की इंजिन बंद, स्विच बंद, उतरा, अशी सवय लागते. पण इंजिन बंद केल्यावर डीईएफचा पंप काही वेळ उलटा फिरून नळ्यांमधलं द्रव टाकीत परत ओढतो, ते नळीत गोठू किंवा सुकू नये म्हणून. वीज आधीच तोडली तर द्रव नळीतच राहतं. चार-पाच मिनिटं थांबून स्विच बंद करावा.

डीईएफच्या टाकीतल्या सेन्सरचं प्रकरण मात्र चालकाच्या हातात नाही, आणि त्याबाबत लोक चिडतात ते रास्त आहे. डीईएफ संपलं, भेसळ झाली किंवा कोणी यंत्रणेशी छेडछाड केली, तर गाडीने आधी दिवा लावायचा, मग ओढ कमी करायची आणि शेवटी वेग ताशी ५ मैलांवर आणायचा, अशी व्यवस्था २०१०च्या नियमांबरोबर आली. डीईएफ भरायचं टाळणाऱ्याला हा धाक योग्य होता. पण टाकीतलं द्रव चांगलं असून सेन्सरच बिघडला, तरी शिक्षा तीच. २०२१ साली चिपची जगभर टंचाई झाली तेव्हा टाकीतले सेन्सर बदलायला मिळेनात आणि मोटरहोम आठवडेच्या आठवडे वर्कशॉपच्या आवारात पडून राहिली. शेवटी ईपीएच्या संमतीने कंपन्यांनी तात्पुरतं सॉफ्टवेअर दिलं. ऑगस्ट २०२५ मध्ये ईपीएने जुन्या गाड्यांतही ही शिक्षा सौम्य करायची वाट मोकळी केली आणि २०२७च्या मॉडेलपासून नव्या ट्रकांची ताकद डीईएफ संपताच अचानक जाऊ नये अशी रचना मागितली. हे दहा वर्षं आधी व्हायला हवं होतं.

या त्राग्यातूनच ‘डिलीट’चा धंदा फोफावला: फिल्टर कापून सरळ नळी जोडायची आणि संगणकाला खोटं बोलायला शिकवायचं. तिकडच्या कायद्यात याला मनाई आहे, विकताना अडचण येते, आणि नंतर यंत्रणा मूळ स्थितीत आणायचा खर्च वाचवलेल्या पैशापेक्षा कितीतरी जास्त. खोटं बोलण्यात मोठे लोकही मागे नव्हते. २०१५ मध्ये फोक्सवॅगनचं बिंग फुटलं ते वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या एका लहान गटाने गाड्या खरोखरच्या रस्त्यावर चालवून धूर मोजला म्हणून. रॅम पिकअपच्या इंजिनांवरून कमिन्सने १.६७५ अब्ज डॉलरचा दंड भरायचं कबूल केलं, हे मला इथे लिहिणं भाग आहे. ज्या घराण्यात आयुष्य गेलं त्याची तेवढी गोष्ट झाकली तर बाकीच्या पानांवर कोणी का विश्वास ठेवावा?

महाराष्ट्रातल्या वाचकाच्या हाती हे पुस्तक पडलं तर त्याने मोटरहोमची प्रकरणं सोडून सरळ सहाव्या प्रकरणाला यावं. १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे बीएस-६ लागू झालं, मधली पाचवी पायरी गाळून, आणि डिझेलमधलं गंधक ५० भागांवरून १० वर आलं. तेव्हापासून आपला ट्रकवालाही ‘युरिया टाकला का’ असं विचारतो आणि वीस लिटरची बादली घेतो. फरक एवढाच, की आपल्याकडे युरिया म्हटलं की कृषी सेवा केंद्रातली अनुदानाची गोणी डोळ्यांपुढे येते, आणि ती गोणी पाण्यात कालवून डीईएफ म्हणून विकणारे आहेत. शेतीच्या युरियाला २०१५ पासून निंबोळी तेलाचा लेप असतो, तो जमिनीत हळूहळू विरघळावा म्हणून. तो लेप, त्यातली अशुद्धी आणि वरून बोअरचं क्षारयुक्त पाणी, हे सगळं कॅटलिस्टवर जाऊन बसतं. पाचशे रुपये वाचवून लाखाचा भाग घालवायचा हा मार्ग आहे. बादलीवर आयएसओ क्रमांक, उत्पादनाची तारीख आणि न उघडलेलं सील बघावं. हातात रिफ्रॅक्टोमीटर असेल तर एक थेंब टाकून ३२.५ येतं का पाहावं, पण प्रमाण बरोबर आलं म्हणजे शुद्धता सिद्ध झाली असं नव्हे.

एका बाबतीत लेखकाचं आणि माझं जमलं नाही. वर्षाला दोन-तीन हजार मैलच फिरणाऱ्याने २००७च्या आधीची गाडी घ्यावी, असं त्यांचं मत आहे. खिशाच्या हिशेबाने ते चुकीचं नाही. पण कॅम्पग्राउंडवर सकाळी अशी गाडी सुरू झाली की शेजारच्या तंबूत झोपलेल्याच्या नाकात काय जातं, ते या हिशेबात धरलेलं नाही. शिवाय त्या गाड्या आता वीस वर्षांच्या आसपास किंवा त्याहून जुन्या झाल्या. धुराची यंत्रणा नसली तरी रबराच्या नळ्या, टायर आणि ब्रेक तेवढेच म्हातारे आहेत.

डीईएफवाली जुनी गाडी घेणाऱ्याला मात्र एक तपासणी सांगतो, ती पुस्तकात नाही. विकणारा मैल दाखवतो. त्याच्याकडे इंजिनाचे तास मागा. जनरेटरचे नव्हे, त्याचं मीटर वेगळं असतं. मैलांना तासांनी भागा. ४२,००० मैल आणि १,२०० तास असतील तर सरासरी ताशी ३५ मैल निघते, म्हणजे गाडी रस्त्यावर धावलेली आहे. २४,००० मैल आणि १,६०० तास असतील तर सरासरी १५. ती गाडी उभ्या उभ्या घरघरत राहिलेली आहे, मैल कितीही कमी दिसोत. तिचा डीईएफ इंजेक्टर आणि त्यामागची नळी खोलून पाहिल्याशिवाय इसार देऊ नये.